‘प्रोसेस होत आहे…’ म्हणजे आत नेमकं काय चालू असतं? पायथन वेबसाइटमधली बॅकग्राउंड कामं

शेवटच्या तारखेला रात्री ११ वाजता ऑनलाइन फॉर्म भरलाय कधी? फोटो अपलोड झाला, सही अपलोड झाली, ‘सबमिट’ दाबलं आणि चक्र फिरायला लागलं. मिनिटभराने स्क्रीनवर आलं, ‘५०४ गेटवे टाइम-आउट’. आता प्रश्नच प्रश्न. फॉर्म गेला की नाही? पुन्हा दाबायचं का? फी दोनदा कापली तर?

अशा वेळी आपण ‘सर्व्हर डाउन आहे’ म्हणून मोकळे होतो. पण बऱ्याचदा सर्व्हर डाउन नसतोच. तो कामात असतो, फक्त जे काम नंतर केलं तरी चाललं असतं ते तुम्हाला रांगेत उभं ठेवून करत असतो. आज आपण हेच समजून घेऊ: मोठी, वेळखाऊ कामं वेबसाइटने कशी हाताळायची. उदाहरण पायथनचं घेतोय, कारण जँगो, फ्लास्क, फास्टएपीआय हे शब्द कॉलेज प्रोजेक्टमध्ये आता सगळीकडे दिसतात. पण गोष्ट कुठल्याही भाषेला लागू आहे.

काउंटर चारच, माणसं दोनशे

पायथनची वेबसाइट साधारण अशी चालते. पुढे एनजिनएक्ससारखा एक दरवान असतो, त्याच्या मागे गुनिकॉर्न नावाचा प्रोग्रॅम, आणि गुनिकॉर्नच्या हाताखाली काही वर्कर. वर्कर म्हणजे बँकेतला काउंटर समजा. साध्या प्रकारचा वर्कर एका वेळी एकच रिक्वेस्ट घेतो आणि ती संपेपर्यंत दुसरीकडे बघत नाही.

आता कल्पना करा, एका कॉलेजची प्रवेशाची वेबसाइट आहे आणि ४ वर्कर आहेत. ‘सबमिट’ दाबल्यावर कोड तीन गोष्टी करतो: फॉर्म डेटाबेसमध्ये ठेवतो, अर्जाची पीडीएफ बनवतो आणि ती ईमेलने पाठवतो. फॉर्म ठेवायला सेकंदाचा दहावा भाग. पीडीएफ आणि ईमेलला धरा १२ सेकंद. म्हणजे एक वर्कर मिनिटाला ५ अर्ज उरकणार, चौघे मिळून २०.

दिवसभर हे मस्त चालतं. टेस्टिंग करताना तर फारच मस्त, कारण तेव्हा एकटाच माणूस बटण दाबत असतो. शेवटच्या रात्री एकाच मिनिटात २०० जण येतात. शेवटच्याचा नंबर लागायला १० मिनिटं. पण एनजिनएक्स मागच्या प्रोग्रॅमच्या उत्तराची वाट किती वेळ बघतो? सेटिंग बदललं नसेल तर ६० सेकंद. म्हणजे साधारण पहिल्या वीसांना उत्तर मिळतं आणि बाकीच्या १८० जणांना ५०४.

खरी गंमत, म्हणजे गंमत नाही खरं तर, यानंतर सुरू होते. ते १८० जण रिफ्रेश करतात. त्यांची आधीची रिक्वेस्ट मात्र रांगेतून हटत नाही. फोन ठेवून झोपायला गेलेल्याचीही पीडीएफ वर्कर इमानेइतबारे १२ सेकंद खर्चून बनवतो आणि ती घ्यायला कुणीच नसतं. रांगेत आता जुन्या रिक्वेस्ट अधिक नव्या. म्हणजे लोक जितके घाबरून बटण दाबतील तितका सर्व्हर निरुपयोगी कामात बुडणार.

त्यातच लोड वाढला की १२ सेकंदांचं काम ३५ सेकंदांवर जातं. गुनिकॉर्नची स्वतःची मर्यादा ३० सेकंदांची असते. तेवढा वेळ वर्करकडून हालचाल दिसली नाही तर तो वर्कर अडकलाय असं समजून त्याला मारून नवा उभा करतो. काम अर्धवट.

मग सुरुवातीच्या प्रश्नाचं उत्तर काय? फॉर्म गेला की नाही? खरं उत्तर असं की ते कोडच्या ओळींच्या क्रमावर आहे. फॉर्म आधी कायमचा सेव्ह करून मग पीडीएफ बनवत असतील तर गेलाय. सगळं एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये गुंडाळलं असेल आणि वर्कर मध्येच मेला असेल तर सेव्ह झालेलंही मागे फिरतं, म्हणजे गेला नाही. बाहेरून दोन्ही सारखंच दिसतं. एका विद्यार्थ्याचं वर्ष या फरकावर अवलंबून असू शकतं.

दोन उपाय जे लगेच सुचतात

पहिला: ‘एसिंक लाव की!’ पायथनमध्ये एसिंक आणि अवेट हे शब्द वापरून एकाच वर्करला अनेक रिक्वेस्ट सांभाळता येतात. पण त्याचा उपयोग वाट बघण्याच्या कामात. दुसऱ्या सर्व्हरचं उत्तर यायचंय, डेटाबेस शोधतोय, तोवर वर्कर दुसऱ्याचं ऐकून घेतो. पीडीएफ बनवणं, फोटो लहान करणं, व्हिडिओ बदलणं ही वाट बघण्याची कामं नाहीत, तिथे प्रोसेसर स्वतः राबतो. एसिंक फंक्शनमध्ये असं काम टाकलं तर उलट सगळ्यांचीच रिक्वेस्ट थांबते, कारण सगळे एकाच धाग्याला लटकलेले असतात.

दुसरा: उत्तर देऊन टाकायचं आणि काम त्याच प्रोसेसमध्ये मागे चालू ठेवायचं. फ्लास्कमध्ये लोक थ्रेड सुरू करतात. फास्टएपीआयमध्ये तर बॅकग्राउंड टास्क्स नावाची सोयच आहे, उत्तर पाठवून झाल्यावर ती काम करते. छोट्या कामाला हे उत्तम आहे आणि मी स्वतः वापरतो. अडचण एवढीच की काम फक्त मेमरीत असतं. नवा कोड चढवायला सर्व्हर रिस्टार्ट केला, मेमरी संपली, मशीन बंद पडलं, की यादी गेली. काय काय बाकी होतं हेही कुणाला सांगता येत नाही. एखादी नोंद लिहायची राहिली तर चालेल, अर्जाची पावती राहिली तर नाही चालणार.

पिठाची गिरणी

यावर जो उपाय आहे तो आपल्या गल्लीत फार पूर्वीपासून आहे. गिरणीत आपण गव्हाचा डबा घेऊन जातो तेव्हा दळण होईपर्यंत उभं राहतो का? डबा ठेवतो, गिरणीवाला चिठ्ठी लावतो, ‘संध्याकाळी या’ म्हणतो. डबा घेणं हे मिनिटाचं काम, दळणं हे वेगळं काम, आणि दोन्हींच्या मध्ये डब्यांची रांग.

वेबसाइटमध्येही तेच तीन भाग. वेब सर्व्हर फॉर्म सेव्ह करतो, ‘अर्ज क्रमांक ४८२ ची पीडीएफ बनवायची’ अशी चिठ्ठी रांगेत टाकतो आणि लगेच उत्तर देतो. रांग सांभाळणाऱ्याला ब्रोकर म्हणतात. रेडिस आणि रॅबिटएमक्यू ही त्यातली दोन नेहमीची नावं. आणि वेगळ्या प्रोसेसमध्ये, बऱ्याचदा वेगळ्याच मशीनवर, कामाचे वर्कर बसलेले असतात. ते चिठ्ठी उचलतात आणि दळायला घेतात.

उत्तरातही फरक पडतो. एचटीटीपीमध्ये २०० म्हणजे काम झालं. २०२ म्हणजे काम स्वीकारलं, अजून झालेलं नाही. पावतीला ठेवतात तसा एक क्रमांक सोबत द्यायचा. मग ॲप दर काही सेकंदांनी ‘झालं का?’ विचारतं किंवा काम झाल्यावर सर्व्हर नोटिफिकेशन पाठवतो.

आता मघाचा हिशोब परत करा. प्रत्येक रिक्वेस्टला ०.१ सेकंद, ४ वर्कर, म्हणजे सेकंदाला ४० अर्ज. २०० जण ५ सेकंदांत मोकळे, प्रत्येकाच्या हातात अर्ज क्रमांक. पीडीएफ बनवायला मागे चारच वर्कर ठेवले तर त्यांना तेवढीच १० मिनिटं लागणार, रांगेमुळे काम जलद होत नाही. हे नीट लक्षात घ्या, कारण ‘क्यू लावली की साइट फास्ट होते’ असं सरसकट सांगितलं जातं. वेग तेवढाच राहतो, पण तुमचा अर्ज ११.५९ ला पोचला याची नोंद आता पीडीएफच्या वेगावर अवलंबून राहत नाही.

इन्स्टाग्रामचं उदाहरण घ्या. इन्स्टाग्राम जँगोवर बांधलेलं आहे. २०१३ च्या पायकॉन परिषदेत त्यांच्या इंजिनीअरने सांगितलं होतं की फोटो पोस्ट झाल्यावर तो प्रत्येक फॉलोअरच्या फीडमध्ये पोचवण्याचं काम ते अशाच रांगेतून, सेलरी आणि रॅबिटएमक्यू वापरून करतात. लाखो फॉलोअर असलेल्या माणसाने ‘शेअर’ दाबल्यावर त्या सगळ्यांच्या फीडमध्ये लिहून होईपर्यंत त्याला चक्र बघत बसवलं असतं तर ते ॲप चाललं असतं का?

सेलरी, पण पगारातली नाही

पायथनमध्ये या कामाला सगळ्यात जास्त वापरलं जाणारं साधन म्हणजे सेलरी. उच्चार पगारासारखा असला तरी नाव भाजीवरून आहे. २००९ मध्ये आस्क सोलेम यांनी ते सुरू केलं. वापर सोपा वाटतो: आपलं नेहमीचं फंक्शन लिहायचं, त्याच्या डोक्यावर ‘शेअर्ड टास्क’ हा डेकोरेटर लावायचा आणि फंक्शन थेट बोलावण्याऐवजी नावापुढे टिंब देऊन ‘डिले’ लिहायचं. झालं, चिठ्ठी रांगेत. वर्कर दुसऱ्या टर्मिनलमध्ये चालू ठेवायचा.

ट्युटोरियल बहुतेक इथेच संपतात. मजा इथून पुढे आहे.

चिठ्ठीत काय लिहायचं? फक्त क्रमांक. पूर्ण अर्ज चिठ्ठीत कोंबू नका. चिठ्ठी रांगेत १० मिनिटं पडून राहील आणि तेवढ्यात विद्यार्थ्याने मोबाइल नंबर दुरुस्त केला तर पीडीएफवर जुनाच नंबर छापला जाईल. क्रमांक दिला की वर्कर त्या क्षणाची ताजी माहिती डेटाबेसमधून घेतो. फाइलचंही असंच. वेब सर्व्हरच्या डिस्कवर ठेवलेला फोटो दुसऱ्या मशीनवरच्या वर्करला दिसत नाही. तो दोघांनाही पोचता येईल अशा स्टोरेजमध्ये हवा.

चिठ्ठी कधी टाकायची? सेव्ह पक्कं झाल्यावर. वर्कर फार चपळ असतो. ट्रान्झॅक्शन पूर्ण व्हायच्या आत त्याने चिठ्ठी उचलली तर तो डेटाबेसमध्ये ४८२ शोधतो आणि त्याला सापडतच नाही. हा बग लॅपटॉपवर सहसा दिसत नाही, लोड वाढला की उगवतो. जँगोमध्ये यासाठी ‘ऑन कमिट’ आहे, आणि सेलरीच्या ५.४ आवृत्तीपासून जँगोसाठी ‘डिले ऑन कमिट’ असा थेट पर्याय आला आहे.

लाइट गेली तर?

अर्धं दळण झालं आणि लाइट गेली. चिठ्ठीचं काय?

गिरणीवाल्याची सवय दोन प्रकारची असू शकते. डबा उचलताक्षणी चिठ्ठी फाडायची, किंवा पीठ भरून झाल्यावर फाडायची. पहिल्या प्रकारात मध्येच काही झालं तर डबा विसरला जाईल. दुसऱ्या प्रकारात चिठ्ठी शिल्लक राहील आणि नंतर कुणीतरी ते काम पुन्हा सुरुवातीपासून करील.

सेलरी मूळ सेटिंगमध्ये पहिल्या प्रकारची आहे. काम सुरू करण्याच्या अगदी आधी ती ब्रोकरला ‘मिळालं’ म्हणून कळवते. वर्कर मध्येच मेला तर काम गायब. ‘ॲक्स लेट’ चालू केलं की ती दुसऱ्या प्रकारची होते, पण त्यातही एक पोटकलम आहे. वर्करचा मुख्य प्रोग्रॅम जिवंत असताना फक्त काम करणारी पोटची प्रोसेस मेली, उदाहरणार्थ मेमरी संपल्यामुळे, तर सेलरी तरीही चिठ्ठी फाडते. तसं नको असेल तर ‘रिजेक्ट ऑन वर्कर लॉस्ट’ वेगळं चालू करावं लागतं. यामागचं कारण पटण्यासारखं आहे. जे काम स्वतःच मेमरी खाऊन वर्कर मारतंय ते परत परत रांगेत आलं तर एकेक करून सगळे वर्कर जातील.

मग ‘ॲक्स लेट’ लावलं की निश्चिंत? नाही, आता उलटा त्रास. काम दोनदा होऊ शकतं. रेडिस ब्रोकर असेल तर सेलरी एक तास वाट बघते. तेवढ्या वेळात ‘झालं’ असा निरोप आला नाही तर काम हरवलं असं समजून चिठ्ठी दुसऱ्या वर्करला देते. याला व्हिजिबिलिटी टाइम-आउट म्हणतात. तुमचं काम खरोखरच सव्वा तासाचं असेल तर तासाभराने तेच काम दुसरा वर्करही सुरू करतो, पहिला अजून राबत असताना. रॅबिटएमक्यूच्या नव्या आवृत्त्यांत अशीच मर्यादा मूळ सेटिंगला ३० मिनिटांची आहे. म्हणून तासभराचं एक काम ठेवण्यापेक्षा त्याचे छोटे तुकडे पाडलेले बरे. ५००० विद्यार्थ्यांच्या मार्कशीट एका टास्कमध्ये बनवू नका, एकेका विद्यार्थ्याची एकेक चिठ्ठी टाका. ३१८ व्या मार्कशीटला गडबड झाली तर तेवढी एकच परत करायची.

काम एकदाही चुकणार नाही आणि दोनदाही होणार नाही, अशी पक्की हमी कुठलीही रांग देऊ शकत नाही. वर्करने ईमेल पाठवला आणि ‘पाठवला’ असं नोंदवायच्या आधल्या क्षणी लाइट गेली, तर नंतर येणाऱ्याला ते कळणार कसं? त्यामुळे दोन्हींतलं कुठलं नुकसान परवडतं ते आपणच ठरवायचं. पावतीचा ईमेल दोनदा गेला तर कुणाचं बिघडत नाही. फी दोनदा कापली गेली तर एखाद्याच्या घरचा महिन्याचा हिशोब कोलमडतो.

म्हणून पैशाचं काम असं लिहावं लागतं की ते दोनदा चाललं तरी परिणाम एकदाच होईल. लिफ्टचं बटण दहादा दाबलं तरी लिफ्ट एकदाच येते, तसं. प्रत्येक व्यवहाराला ‘सबमिट’ दाबण्याच्या आधीच एक वेगळा क्रमांक द्यायचा, डेटाबेसमध्ये त्या क्रमांकाला ‘युनिक’ बंधन लावायचं आणि पेमेंट गेटवेलाही तोच क्रमांक पाठवायचा. स्ट्राइपसारखे गेटवे त्यावरून ओळखतात की ही तीच मागणी परत आली आहे. तुम्ही घाबरून तीनदा बटण दाबलंत तरी क्रमांक एकच. ‘बॅक किंवा रिफ्रेश दाबू नका’ अशी लाल अक्षरातली सूचना जिथे दिसते तिथे बऱ्याचदा हे काम केलेलं नसतं, आणि ती जबाबदारी आपल्या अंगठ्यावर ढकललेली असते, असं माझं मत.

लग्नाचं दळण

लग्नघरातून ५० किलोचं दळण आलं की मागच्या २ किलोवाल्याचे हाल. सेलरीतही हेच होतं, आणि थोडं जास्तच, कारण प्रत्येक वर्कर आपल्या प्रत्येक प्रोसेसमागे ४ चिठ्ठ्या आधीच खिशात घालून ठेवतो. छोट्या कामांना याने वेग येतो. मोठ्या कामांत मात्र एक वर्कर मोकळा बसलेला आणि दुसऱ्याच्या खिशात तीन चिठ्ठ्या अडकलेल्या, असं चित्र दिसतं. मोठी कामं असतील तर हा ‘प्रीफेच’ १ करा. त्याहून चांगलं म्हणजे दोन रांगा करा. ओटीपीचा एसएमएस आणि वार्षिक अहवालाची पीडीएफ एकाच रांगेत कधीच नको. लॉगिनचा ओटीपी दहा मिनिटांनी येतो तेव्हा प्रत्येक वेळी मोबाइल कंपनीचाच दोष असतो असं नाही.

काम फसलं तर परत करायचं, पण लगेच नाही. ईमेल सर्व्हर दमलेला असताना हजार टास्क दर सेकंदाला त्याचं दार वाजवू लागले तर तो उठणारच नाही. आधी १ सेकंद थांबा, मग २, मग ४, मग ८, आणि त्यात थोडा मुद्दाम विस्कळीतपणा घाला, म्हणजे सगळे एकाच क्षणी येत नाहीत. सेलरीत ‘रिट्राय बॅकऑफ’ चालू केलं की हे आपोआप होतं. किती वेळा करायचं याला मर्यादा ठेवा. चुकीचा ईमेल पत्ता शंभराव्या वेळीही चुकीचाच असतो.

आणि रांगेवर लक्ष ठेवा. वर्कर बंद पडला तरी वेबसाइट झकास चालते, फॉर्म घेते, ‘प्रोसेस होत आहे’ म्हणते. होत मात्र काहीच नसतं. सेलरीसाठी फ्लॉवर नावाचा डॅशबोर्ड आहे, पण किमान एक आकडा बघाच: रांगेतली सगळ्यात जुनी चिठ्ठी किती वेळ पडून आहे. तो वाढत चालला तर कुणाचा तरी फोन वाजला पाहिजे.

एवढं सगळं लागतं का?

नेहमी नाही. आरक्यू हे साधन सेलरीपेक्षा बरंच साधं आहे, फक्त रेडिस लागतं. त्यात एका कामाला मूळ सेटिंगला १८० सेकंद मिळतात, हे माहीत असू द्या. रोज रात्री एकदाच काहीतरी करायचं असेल तर क्रॉन पुरतो. पोस्टग्रेस आधीच वापरत असाल तर डेटाबेसच्या टेबललाच रांग बनवता येते. ‘स्किप लॉक्ड’ ही सोय त्यात ९.५ आवृत्तीपासून आहे, त्यामुळे दोन वर्कर एकच ओळ उचलत नाहीत. आणि डिसेंबर २०२५ मध्ये आलेल्या जँगो ६.० मध्ये टास्कची चौकट जँगोच्या आतच आली आहे. फक्त त्यासोबत मिळणारे बॅकएंड डेव्हलपमेंट आणि टेस्टिंगपुरते आहेत. खरे वर्कर अजूनही आपणच बाहेरून जोडायचे.

तुमच्या खिशातल्या फोनमध्येही हेच चालतं. अँड्रॉइडवर ॲप बंद केल्यावरही फोटोचा बॅकअप पुढे चालू राहावा म्हणून वर्कमॅनेजर नावाची लायब्ररी असते. ती कामाची नोंद डेटाबेसमध्ये ठेवते, त्यामुळे फोन रिस्टार्ट झाला तरी काम विसरत नाही, वाय-फाय मिळेपर्यंत किंवा चार्जिंगला लावेपर्यंत थांबूही शकते.

हात चालवून बघायचं असेल तर लॅपटॉपवर रेडिस आणि सेलरी टाका आणि ६० सेकंद नुसतं झोपून शेवटी फाइलमध्ये एक ओळ लिहिणारा टास्क बनवा. तो चालू असताना वर्कर त्याच्या पोटातल्या प्रोसेससकट जबरदस्तीने मारा, मग परत चालू करा. ओळ कधीच येणार नाही. आता व्हिजिबिलिटी टाइम-आउट १२० सेकंद करून आणि ‘ॲक्स लेट’ लावून तेच करा. काही मिनिटं थांबा, ओळ येईल. मग टाइम-आउट ३० सेकंदांवर आणा, दोन वर्कर लावा, यावेळी कुणालाही मारू नका, आणि फाइलमध्ये किती ओळी येतात ते मोजा.